चादरमावशी आणि माझी धाकटी

मी इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत बसते. अकरा वर्षं झाली. डोळ्यांचे डॉक्टर कुठल्या मजल्यावर, रक्त कुठे द्यायचं, रिपोर्ट कधी मिळणार, भेटायची वेळ संपली असेल तर कोणाच्या विनवण्या करायच्या, सगळं मला पाठ आहे. समोरच्याचं वाक्य अर्धं व्हायच्या आत माझं उत्तर तयार असतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. लोक म्हणतात, या बाईच्या जिभेला हाड नाही. नसू दे. हाड असतं तर दिवसाला चारशे माणसं मार्गी लागली नसती.

हे आधीच सांगून टाकलं, कारण ज्या बाईंबद्दल मला सांगायचंय त्या माझ्या अगदी उलट. त्यांना सगळे चादरमावशी म्हणतात. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, औषधांच्या गोदामाला लागून धुलाईखाना आहे, आणि तिथल्या घडीच्या खोलीच्या त्या मुख्य. साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातांची कातडी पाण्याने आणि वाफेने सुरकुतून गेलेली. सकाळी माझ्या खिडकीवरून जाताना त्या मान हलवायच्या, मीही हलवायचे. एवढीच आमची ओळख. माझ्या लेखी त्या चादरी मोजणाऱ्या बाई होत्या. आज त्या समोरून आल्या की मी खुर्चीतून उठून उभी राहते. लिफ्टवाला हसतो. त्याला काय, हसायला दात लागतात फक्त.

कारण माझी धाकटी.

मला दोन मुलं. थोरला नोकरीनिमित्त बाहेर असतो. तो ज्या फलाटावर उतरेल तिथे त्याचे चार मित्र तयार. धाकटी पंधरा वर्षांची, ताडासारखी वाढलेली, आणि तोंडात मूग धरून बसलेली. अभ्यासात बरी, स्वभावाने गरीब. मी समजत होते की मुलगी शांत आहे, चला, एक तरी शांत निपजली. मागच्या वर्षी एकदा ती डबा घरी विसरली. माझी दुपारपाळी होती, म्हणून जाता जाता द्यावा म्हणून शाळेत गेले. जेवणाची सुट्टी चालली होती. अंगणात दोनशे पोरं, नुसता गलका. शिपाईबाईंना वर्ग आणि नाव सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ती उंच, गप्प मुलगी ना? ती जिन्याखाली असते."

"असते म्हणजे?"

"रोजच असते."

जिन्याखाली झाडू, फडकी, बादल्या ठेवायची जागा होती. एका पालथ्या बादलीवर माझी मुलगी बसली होती. डबा नव्हताच, तेव्हा हात गुडघ्यांवर ठेवून ती नुसती घंटेची वाट बघत होती. मला बघून तिचा चेहरा असा पडला, जणू चोरी तिने केली होती आणि पकडली मी. डबा तिच्या हातात दिला आणि मी बाहेर आले. त्या दिवशी खिडकीत बसून मी कितीजणांना चुकीच्या मजल्यावर पाठवलं, देव जाणे.

मग माझं सुरू झालं. आधी शाळेवर चिडले, मग त्या वर्गातल्या मुलींवर, मग आमच्या ह्यांच्यावर. हे नकाशे काढतात, घरात दिवसाला दहा शब्द बोलतात, त्यातले तीन "होईल हळूहळू" हेच. आमच्या घरात दोन माणसांचं बोलणं मी एकटी करते. मी ठरवलं, हळूहळू कसं होतं तेच बघते. वाढदिवसाला वर्गातल्या चौदाजणींना बोलावणं केलं. तिघी आल्या. त्या तिघी कंटाळू नयेत म्हणून मी दोन तास त्यांच्याशी गप्पा मारल्या, नकला करून दाखवल्या, हसवून हसवून लोळवलं. जाताना एक म्हणाली, "काकू, तुम्ही किती मस्त बोलता." धाकटी तेव्हा आत बश्या धूत होती.

त्या शाळेचं शेवटचं वर्ष संपलं. सुट्टीनंतर तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत जायचं होतं. तिथे तिला ओळखणारं कोणी नव्हतं. आता ही गोष्ट चांगलीही आणि वाईटही. नव्या वर्गात पहिल्या आठवड्यात कोण कोणाशेजारी बसतं ते ठरून जातं, आणि पुढची दोन वर्षं ते हलत नाही. तिथेही जिना असणारच होता. माझ्या हातात सुट्टीचे सहा आठवडे होते, आणि मला रात्री अंथरुणावर पडलं की ती बादली दिसायची.

आमच्या इस्पितळात एक बरी सोय आहे. कामावरच्या माणसांच्या मोठ्या मुलांना सुट्टीत सहा आठवडे हलकं काम देतात. मला धाकटीला नोंदणीच्या टेबलावर बसवायचं होतं. चार माणसांशी बोलेल, तोंड उघडेल. तिथली जागा भरली होती. उरली होती घडीची खोली. म्हटलं, झालं, नशीब! आधीच मुकी, त्यात चादरींबरोबर.

पहिल्या दिवशी मी तिला घेऊन गेले. लांबलचक खोली, मधोमध दोन मोठी टेबलं, त्यांवर वाळलेल्या चादरींचे डोंगर, भिंतीपलीकडे मशीनचा घरघराट. आठ-नऊ मुलं-मुली आधीच आलेली. मी मावशींना सांगायला लागले, की ही जरा लाजाळू आहे, हिला समजून घ्या, हिला गणित आवडतं, हिला गर्दी सहन होत नाही. मावशींनी पूर्ण ऐकलं. मग धाकटीला विचारलं, "तुला काय म्हणायचं?" तिच्याऐवजी मीच म्हणाले, "ती काय म्हणणार."

मावशी मला म्हणाल्या, "बाई, उद्यापासून तुम्ही इथे यायचं नाही."

मला राग आला, का येणार नाही? चादरी मोजणाऱ्या बाईने मला माझ्याच इस्पितळात बंदी घालावी. पण मुलीसमोर तमाशा नको म्हणून गिळला.

तिथली पद्धत मला धाकटीकडून तुकड्यातुकड्याने कळली. इस्पितळाची चादर एकट्याने घडी होत नाही, जमिनीला लागते, आणि लागली की परत धुवायला. म्हणून दोघं लागतात. दोघं दोन-दोन कोपरे धरून मागे सरकायचं, चादर ताणायची, एक झटका, उभी घडी, आणि मग एकमेकांकडे चालत यायचं. एकीने आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे आणि वाकून खालची घडी उचलायची. कोण कोणाबरोबर हे मावशी सांगत नसत. टेबलावरची चादर उचलायची, दोन कोपरे हातात धरून उभं राहायचं. ज्याला यायचं तो येतो आणि उरलेले दोन कोपरे उचलतो. कोणी आलंच नाही तर उभं राहायचं.

आणि मावशींचा एक नियम. कोपरे देताना समोरच्याला एक गोष्ट विचारायची, एकच. त्याने उत्तर द्यायचं. पुन्हा त्याच जोडीदाराबरोबर चादर आली की नवा प्रश्न काढायचा नाही, मागच्या उत्तराचं पुढचं विचारायचं. म्हणजे मागचं लक्षात ठेवायला हवं. मग ते दहा मिनिटांपूर्वीचं असो नाहीतर कालचं.

धाकटी पहिला आठवडा भिंतीला पाठ लावून उश्यांच्या खोळी घालत बसली. खोळी एकट्याने घालता येतात. रोज संध्याकाळी मी विचारायचे, "बोललीस का कोणाशी?" ती मान हलवायची. शेवटी एकदा म्हणाली, "काय विचारायचं तेच कळत नाही."

अहो, एवढंच ना? मी म्हटलं, विचारणं हा तर आपला घरचा धंदा. जेवणं झाल्यावर बसले आणि इस्पितळाच्या एका जुन्या फॉर्मच्या पाठीवर वीस प्रश्न लिहून काढले. क्रमाने, नीट, आकडे घालून. तिने ते पाठ केले. माझी गुणाची पोर, तिने सगळे वीसच्या वीस पाठ केले.

दुसऱ्या दिवशी तिने पहिल्यांदा चादर उचलली. समोर आली रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरची मुलगी. हिच्यापेक्षा वर्षाने मोठी, जाड भिंगांचा चष्मा, हसली की शेजारच्या खोलीत कळावं अशी. सगळे तिला चष्मेवाली म्हणत, ती स्वतःही म्हणायची. पहिल्या चादरीला धाकटीने विचारलं, पूर्ण नाव काय. दुसरीला, वय किती. तिसरीला, राहता कुठे. चष्मेवाली हसत हसत सांगत होती. चौथीला, घरात माणसं किती. पाचवीला, तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं. तिथे ती हसायची थांबली. आणि सहाव्या चादरीला माझ्या मुलीने, कोपरे हातात देताना, तिच्या डोळ्यांत बघून विचारलं, "काही जुना आजार?"

मी तो प्रश्न कधी लिहिला मला आठवतसुद्धा नाही. हाताच्या सवयीने लिहिला गेला. फॉर्मवर असतोच.

चष्मेवालीला फिट येतात. लहानपणापासून. आमच्याच इस्पितळात तिचे उपचार चालतात. शाळेत तिने कोणालाही सांगितलेलं नव्हतं, घडीच्या खोलीतल्या मुलांना तर नाहीच. तिने हातातली चादर सोडून दिली आणि म्हणाली, "तुझ्या आईने सांगितलं ना? तिला सगळ्यांचं सगळं माहीत असतं." आणि ती रडत बाहेर गेली. सगळी खोली बघत होती. आईशपथ सांगते, मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. पण ते कोणाला पटणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझा आणि अवलक्षण पोरीचं.

धाकटी घरी येऊन पलंगावर पडली ती भिंतीकडे तोंड करून. एवढंच म्हणाली, "मी पुन्हा जाणार नाही. कुठेच." कुठेच या शब्दात नवी शाळाही होती, हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मावशींचा निरोप आला, पाळी संपल्यावर घडीच्या खोलीत या. मी तयारीनेच गेले. दारातूनच सांगायला सुरुवात केली, की चूक माझी आहे, फॉर्मच्या सवयीने लिहिलं गेलं, माझी मुलगी कोणाला दुखावणारी नाही, त्या मुलीच्या वडिलांना मी स्वतः भेटते. मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चादर धरा."

मी धरली. त्यांनी ताणली, मीही ताणली, झटका दिला, आणि मी त्यांच्याकडे चालत गेले. चादर मध्ये लोंबली आणि जमिनीला लागली. "परत धुवायला," म्हणून मावशींनी ती बाजूला टाकली. दुसरी घेतली. तीही लागली. मी म्हटलं, या चादरी लांब आहेत. तिसरी लागली तेव्हा मावशी म्हणाल्या, "बाई, तुम्ही माझे कोपरे मी द्यायच्या आधीच ओढून घेता."

मी काही बोलले नाही. असं माझ्या बाबतीत वर्षातून एखाद्या वेळी होतं. मला वाढदिवस आठवला, बश्यांचा आवाज आठवला, आणि "ती काय म्हणणार" हे मीच म्हटलेलं आठवलं. पंधरा वर्षं त्या पोरीच्या तोंडातला शब्द बाहेर यायच्या आत मी उचलत आले होते. तिला बोलायची गरजच मी ठेवली नव्हती.

चौथ्या चादरीला मी थांबले. मावशी आल्या, त्यांनी कोपरे माझ्या हातात ठेवले, मी घेतले. घडी बसली.

"आता तुम्ही विचारा," मावशी म्हणाल्या.

दिवसाला चारशे उत्तरं देणारी मी, मला एक प्रश्न सुचेना. अकरा वर्षं ही बाई माझ्यासमोरून जाते आणि मला तिच्याबद्दल विचारावंसं वाटलेलं नाही. शेवटी मी म्हटलं, "मावशी, ही पद्धत तुम्ही आणली कुठून?"

त्यांनी ते एका दमात सांगितलं नाही. एकेका चादरीला थोडं थोडं सांगितलं, आणि मला दरवेळी पुढचं विचारावं लागलं. तरुणपणी त्या एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात होत्या. समोर एकच जोडीदारीण, आठ वर्षं. मशीन शेजारीच, त्यामुळे आवाज फार, बोलणं कसलं. दोघींचे हात इतके बसले होते की डोळे मिटूनही घडी पडायची. एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुकादमाने मावशींना विचारलं, ती राहते कुठे? त्यांना माहीत नव्हतं. घरी कोण असतं? माहीत नव्हतं. कोणाला कळवायचं? तेही माहीत नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"एकटीच राहायची. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी दार फोडलं. पहिल्या दिवशी पडली होती, दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत जिवंत होती म्हणे." मावशींनी कोपरे माझ्या हातात ठेवले, वाकल्या आणि घडी उचलली. "मला पत्ता माहीत असता तर मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले असते. आठ वर्षं तिच्यासमोर उभी होते, बाई. एकदा विचारलं नाही."

मला रडू आवरलं नाही. मावशी रडल्या नाहीत. त्या ढीग सरळ करत होत्या. मी म्हटलं, "माझ्या मुलीचं आता काय करायचं?" त्या म्हणाल्या, "तुम्ही? काही नाही. तिला म्हणावं, यायचं असेल तर ये. चादर उचल आणि उभी राहा. त्या मुलीला यायचं तर ती येईल. तिला मी सांगणार नाही, आणि तुम्हीही तिच्या बापाला भेटायचं नाही."

मी घरी जाऊन तेवढंच सांगितलं. शब्दाला शब्द जोडला नाही. स्वतःच्या जिभेवर मी कधी एवढे कष्ट घेतले नव्हते. धाकटी भिंतीकडेच बघत राहिली. सकाळी मी उठले तर ती बूट घालून दारात उभी होती.

आता, मला खोलीत यायची बंदी होती. बघायची नव्हती. घडीच्या खोलीला मागच्या बाजूने जाळीचं दार आहे, जिथून चादरींच्या गाड्या आत जातात. मी लिफ्टवाल्याला माझ्या चौकशीच्या खिडकीत बसवलं, म्हटलं, विचारलं तर सगळ्यांना दुसऱ्या मजल्यावर पाठव, आणि जाळीला जाऊन डोळे लावले.

माझी मुलगी टेबलाजवळ उभी होती. हात पुढे, हातात दोन कोपरे, बाकीची चादर टेबलावर पसरलेली. चष्मेवाली दुसऱ्या टेबलाशी, हिच्याकडे पाठ करून. बाकीची मुलं बघायची, कुजबुजायची, जोडी जमवून आपापल्या चादरीला लागायची. हिच्याकडे कोणी येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हिची मान खाली जायची, पुन्हा वर यायची. अर्ध्या तासाने इस्त्रीवरचे म्हातारे काका आले, त्यांनी उरलेले कोपरे उचलले, एक चादर घडी केली आणि गेले. हिने दुसरी उचलली आणि पुन्हा उभी राहिली.

हे पहिल्या दिवशी झालं. दुसऱ्या दिवशीही झालं. मला आत धावत जाऊन त्या चादरीचे दुसरे कोपरे धरावेसे वाटत होते, माझी बोटं जाळीत रुतली होती. आणि मावशी? त्या पलीकडे खोळी मोजत होत्या. एकदाही मान वर केली नाही त्यांनी. मी मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलले. मग लक्षात आलं की त्या मोजत नव्हत्या. तोच गठ्ठा त्यांनी चार वेळा मोजला.

वर्गात नाव पुकारलं तरी जमिनीकडे बघणारी माझी पोर, भर खोलीत, सगळ्यांसमोर, हात पुढे करून उभी होती. तिला माहीत होतं की कोणी येणार नाही कदाचित. तरी ती उभी होती. मी पन्नाशीला आले, माझ्यात ते धैर्य नाही. कोणी आलं नाही तर काय, या भीतीनेच तर मी कोणाला गप्प बसू देत नाही. त्या जाळीमागे उभी राहून मी माझ्या मुलीकडे पहिल्यांदा, खरंच पहिल्यांदा, मान वर करून बघितलं.

तिसऱ्या दिवशी चष्मेवाली आली. कशी आली ते मला नीट दिसलंही नाही, कारण मधून गाडी गेली. गाडी गेल्यावर बघते तर तिने कोपरे उचलले होते. पहिली चादर दोघींनी मुकाट्याने घडी केली. दुसऱ्या चादरीला त्या चालत एकमेकींजवळ आल्या, धाकटीने कोपरे दिले आणि ती बोलायला लागली. मशीनच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू येईना. नुसते ओठ हलताना दिसत होते. चार-पाच वाक्यं बोलली असेल. मग थांबली. चष्मेवालीने चष्मा काढला, चादरीला पुसला, आणि मग ती बोलली. खूप वेळ बोलली. माझी मुलगी ऐकत होती, आणि मधेच तिने काहीतरी विचारलं, आणि ती चष्मेवाली अशी हसली की मला मशीनच्या आवाजातही ऐकू आलं.

चादर तोपर्यंत जमिनीला लागली होती. मावशींनी ती उचलली आणि परत धुवायच्या टोपलीत टाकली.

संध्याकाळी मला राहवेना. "काय गं बोललीस तिला?" मी विचारलंच.

"ते आमच्यातलं आहे, आई."

मला जरा लागलं. मग मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं, आनंदाने. आमच्यातलं. माझ्या मुलीच्या आयुष्यात 'आमच्यातलं' काहीतरी होतं.

त्यानंतर मी माझ्या पद्धतीने चौकशी केली, दुसरं मला काय येतं? रक्त तपासणारी आणि एक्स-रेवाली रोज हातात हात घालून घरी जातात, त्या कुठे भेटल्या? घडीच्या खोलीत, सतरा वर्षांपूर्वी. मोठ्या सिस्टरना बाळंतपणात रक्त लागलं तेव्हा तीन तास प्रवास करून कोण आलं? त्यांची चादरीची जोडीदारीण. आमचा लिफ्टवाला आणि गेटवरचा पहारेकरी, ज्यांचं भांडण ऐकून लोकांना वाटतं आता मारामारी होणार, तेही तिथलेच. बावीस वर्षं दर सुट्टीला आठ-नऊ मुलं. कोणाला मावशींनी उपदेश केल्याचं आठवत नाही. मैत्री हा शब्दही कोणी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही. मी अकरा वर्षं या इमारतीतल्या प्रत्येक दाराचा पत्ता लोकांना सांगत होते, आणि त्यातलं सगळ्यांत मोठं दार मला माहीत नव्हतं. आपण केवढ्या माणसाला मान हलवून पुढे जाऊ देत होतो, या विचाराने अंगावर काटा येतो.

सुट्टी संपली. चष्मेवालीची शाळा वेगळी, त्यामुळे नव्या शाळेत धाकटी एकटीच. पहिल्या दिवशी मी रजा टाकते म्हटलं, सोबत येते म्हटलं. ती म्हणाली, "नको." संध्याकाळी ती घरी आली, मी दार उघडलं, आणि काही विचारलं नाही. हे स्वयंपाकघरातून डोकावून बघायला लागले, त्यांना वाटलं मला बरं नाही. डबा रिकामा होता, पण डबा जिन्याखालीही रिकामा होतो. मंगळवारी विचारलं नाही. बुधवारी विचारलं नाही. गुरुवारी तर मी जीभ दातांत धरून कपडे वाळत घातले.

शुक्रवारी ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि आपण होऊन सांगायला लागली. सोमवारी ती अंगणातल्या बाकावर एकटी जेवली. मंगळवारी तिथेच, एकटी. बुधवारी एक मुलगी येऊन बाकाच्या टोकाला बसली, तिला हिने विचारलं की तुझ्या हाताला काय लागलंय. गुरुवारी विचारलं की पट्टी सुटली का. आज ती मुलगी आपल्या मैत्रिणीला घेऊन आली, आणि तिघी जेवल्या. एवढंच. माझी पोर हे सांगत होती आणि मी तिचे कोपरे, मावशी म्हणतात ना, तसे ओढून न घेता बसले होते. मला केवढं वाटत होतं ते मी सांगू शकत नाही.

सांगून झाल्यावर ती माझ्याकडे वळली आणि तिने विचारलं, "आई, जेवणाच्या सुट्टीत तू कोणाबरोबर जेवतेस?"

मी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, नेहमीसारखं काहीतरी हसण्यावारी न्यायचं. ते बाहेर येईना. अकरा वर्षं मी खिडकीचा पडदा खाली ओढते, 'बंद'ची पाटी लावते, आणि आतल्या स्टुलावर बसून दहा मिनिटांत डबा संपवते. कोणी कधी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही.

"एकटीच गं," मी म्हटलं.

ती उठली नाही, टीव्ही लावला नाही, माझ्याकडे बघत बसून राहिली. मी पुढचं सांगेपर्यंत तिला अजिबात घाई नव्हती.